हलत्या चित्रांचं टेबल

12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअर, म्हणजे वेबपानांवरची हलती चित्रं दाखवणारा ॲडोबी कंपनीचा प्रोग्राम, फ्लॅशच्या फाइली चालवेनासा झाला. तशी व्यवस्था ॲडोबीनं प्लेअरच्या शेवटच्या आवृत्त्यांमध्ये आधीच करून ठेवली होती, आणि मुदत संपणार हे तर जुलै 2017 मध्येच जाहीर झालं होतं. तरी कित्येकजण गाफील राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये होते. ते भरता यावेत म्हणून त्या खात्याला त्या महिन्यात स्वतःचा वेगळा ब्राउझर काढून लोकांच्या हाती द्यावा लागला.

फ्लॅश प्लेअर हा प्लगइन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेला प्रोग्राम. प्लगइनचं काम ब्राउझरची स्वतःची मानकं, म्हणजे सगळ्या ब्राउझरांनी पाळायचे सामाईक नियम, करू शकतील का, हा वाद त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. मी तेव्हा फ्लॅशमध्येच काम करत होतो. शाळकरी मुलांसाठी विज्ञानाची हलती चित्रं बनवायचो: अंकुरणारं बी, धडधडणारं हृदय, पाण्याचं चक्र. आज तेच काम मी एसव्हीजी, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला थेट कळणाऱ्या चित्राच्या, सजावटीच्या आणि कोडच्या भाषांमध्ये करतो. दोन्ही घाटांवरचं पाणी प्यायलो आहे, म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. फ्लॅश म्हणजे प्रत्यक्षात दोन वस्तू होत्या. एक, वाचकाच्या संगणकात बसलेला प्लेअर. दुसरी, चित्रकाराच्या समोरचं टेबल, म्हणजे चित्र काढायचं, ते हलवायचं, त्याला आवाज लावायचा, हे सगळं जिथे बसून करता यायचं तो प्रोग्राम. मानकांनी प्लेअरची जागा घेतली आणि प्लेअरपेक्षा चांगली सांभाळली. टेबलाची जागा अजून पुरती भरलेली नाही. वादात मात्र सगळे प्लेअरबद्दलच बोलत राहिले.

नव्वदच्या दशकात वेबपान स्वतःहून फारसं हलत नसे. जीआयएफ होतं, सरकणारी आणि लुकलुकणारी अक्षरं होती, संपलं. नेटस्केपनं बाहेरच्या प्रोग्रामसाठी आपल्या ब्राउझरमध्ये दार उघडलं आणि त्या दारातून शॉकवेव्ह, क्विकटाइम, रिअलप्लेअर असे एकेक पाहुणे आत आले. 1996 मध्ये जोनाथन गे आणि त्याच्या सहकाऱ्यांचा फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर हा छोटासा प्रोग्राम आला. मॅक्रोमीडियानं ती कंपनी विकत घेतली आणि प्रोग्रामचं नाव फ्लॅश ठेवलं. पुढे 2005 मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीकडे गेली.

प्लगइनचा ब्राउझरशी असलेला करार साधा होता. पानावरचा एक चौकोन प्लगइनच्या ताब्यात, आत काय चाललंय याची ब्राउझरनं चौकशी करायची नाही. सगळं चांगलं आणि सगळं वाईट याच करारातून आलं. चांगलं असं की प्रत्येक ब्राउझरमध्ये, प्रत्येक संगणकावर, चित्र अगदी एकसारखं दिसायचं. ज्यांनी त्या काळात इंटरनेट एक्सप्लोरर आणि नेटस्केप या दोघांसाठी एकच पान दोनदा लिहिलंय त्यांना या सुखाची किंमत कळेल. वाईट असं की त्या चौकोनातला मजकूर पानावर शोधून सापडत नसे, बॅक बटण दाबलं की गोष्टीतलं मागचं दृश्य यायच्या ऐवजी अख्खी गोष्टच निघून जाई, आणि दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, तिथे बहुधा भिंत लागे. फ्लॅशच्या सहाव्या आवृत्तीपासून त्यासाठी थोडी सोय आली, पण ती बनवणाऱ्यानं मुद्दाम जोडायची होती आणि फार थोड्यांनी ती जोडली. देवनागरी किंवा अरबीसारख्या लिप्यांचे तर हालच होते. जोडाक्षरं नीट मांडणारं नवं अक्षरयंत्र दहाव्या आवृत्तीत, 2008 मध्ये आलं. तोवर आमच्यासारखे लोक मजकुराचे तुकडे चित्र म्हणूनच आत टाकत. ते दिसायला सुंदर दिसे, पण संगणकाच्या लेखी तिथे एकही अक्षर नसे.

सुरक्षेचं दुखणं वेगळंच. जुलै 2015 मध्ये हेरगिरीची साधनं विकणाऱ्या एका कंपनीच्या फाइली फुटल्या आणि त्यांतून फ्लॅशमधली तोवर गुपित असलेली छिद्रं चव्हाट्यावर आली. मोझिलानं फायरफॉक्समध्ये फ्लॅशच्या त्या वेळच्या आवृत्त्या काही काळ अडवून धरल्या. त्याच वर्षी जानेवारीत यूट्यूबनं एचटीएमएल5 व्हिडिओ, म्हणजे प्लगइनविना चालणारा व्हिडिओ, हा मूळ पर्याय केला होता आणि सप्टेंबरात क्रोमनं नेटस्केपच्या काळापासूनचं ते जुनं दार कायमचं बंद केलं. माझ्या मते प्लगइनचा निकाल लागला तो त्या वर्षी. आयफोनवर फ्लॅश नव्हतं, स्टीव्ह जॉब्जनं एप्रिल 2010 मध्ये त्यावर खुलं पत्र लिहिलं, नोव्हेंबर 2011 मध्ये ॲडोबीनं मोबाइलसाठीचं काम थांबवल्याचं जाहीर केलं, हे सगळं खरं. पण घराघरातल्या संगणकांवर फ्लॅश त्यानंतरही जोरात चालूच होतं.

आता टेबलाबद्दल, कारण ते न पाहिलेल्यांना बाकीचं समजणार नाही.

प्रोग्राम उघडला की समोर 550 बाय 400 पिक्सेलचा पांढरा स्टेज. वर टाइमलाइन, सेकंदाला 12 चौकटी. ब्रश घ्यायचा आणि काढायला लागायचं. एफ6 दाबलं की नवी कीफ्रेम, म्हणजे आधीच्या चित्राची नक्कल पुढच्या चौकटीत. त्यात हात थोडा हलवायचा, पुन्हा एफ6. मागचं चित्र फिकट दिसत राहावं म्हणून ओनियन स्किन चालू करायची. एंटर दाबलं की चित्र हललं! एकही ओळ लिहिली नाही, कसलीही जुळवाजुळव केली नाही, आणि हात हलला. ज्याला चित्र काढता येतं पण कोड लिहिता येत नाही तो पहिल्या दिवसापासून काहीतरी घडवू शकत होता. कोड लागला तर पुढे फ्लॅशची स्वतःची भाषा, ॲक्शनस्क्रिप्ट, होतीच.

आणि खरी ताकद मूव्ही क्लिपमध्ये होती. चाक काढायचं आणि त्याला त्याच्या स्वतःच्या टाइमलाइनवर फिरवायचं. ते चाक गाडीत ठेवायचं. गाडीला तिची वेगळी टाइमलाइन, तिच्यात गाडी खडखडत वरखाली होते. ती गाडी रस्त्यावर ठेवायची, रस्त्याच्या टाइमलाइनवर ती डावीकडून उजवीकडे जाते. प्रत्येक वस्तू आपापल्या वेळेनं चालते आणि मोठ्या वस्तूला थांबवलं म्हणून आतली छोटी थांबतेच असं नाही. गाडी सिग्नलला थांबली तरी इंजिन थरथरत राहतं. हृदयाचं चित्र करताना मी झडपा, रक्ताचे थेंब आणि ठोका अशा तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आत ठेवल्या होत्या, आणि ठोक्याचा वेग बदलला तरी झडपांच्या कीफ्रेमना हात लावावा लागला नव्हता.

मानकांची कहाणी फ्लॅशच्या जवळजवळ बरोबरीनंच सुरू झाली हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एसव्हीजी 2001 मध्ये डब्ल्यू3सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस बनलं. त्यात स्मिल या भाषेतून आलेली ॲनिमेशनची सोय पहिल्या दिवसापासून होती. कागदावर पाहिलं तर फ्लॅशला पर्याय तेव्हाच तयार होता. पण ब्राउझर ते दाखवतच नसत. एसव्हीजी बघायला ॲडोबीचा एक प्लगइन बसवावा लागे! इंटरनेट एक्सप्लोररनं एसव्हीजी स्वतःहून दाखवायला 2011 उजाडलं. तोवर ॲपलनं 2004 मध्ये कॅनव्हास, म्हणजे कोडनं चित्र काढायचा फलक, आणलं होतं, 2007 मध्ये सफारीमागचं वेबकिट हे इंजिन बनवणाऱ्यांनी सीएसएसमध्ये ॲनिमेशन घालायची कल्पना मांडली होती, आणि 2011 मध्येच त्रिमितीय चित्रांसाठीच्या वेबजीएलची पहिली आवृत्ती ठरली. मग प्रश्न उभा राहिला की स्मिलचं घड्याळ वेगळं, सीएसएसचं वेगळं, जावास्क्रिप्टचं तिसरंच, यांचा मेळ कुणी घालायचा? त्यासाठी वेब ॲनिमेशन्स नावाचं मानक लिहायला घेतलं गेलं. क्रोममध्ये त्याचा पहिला भाग 2014 मध्ये आला, फायरफॉक्समध्ये 2016 मध्ये, सफारीत 2020 च्या मार्चमध्ये. म्हणजे फ्लॅशला मूठमाती मिळायच्या जेमतेम नऊ महिने आधी तिन्ही मोठ्या ब्राउझरांत एकच पायाभूत घड्याळ आलं.

या नव्या व्यवस्थेत एक गोष्ट फ्लॅशपेक्षा निर्विवाद सरस आहे. समजा झाडावरून पान गळतंय. त्याची जागा डावीकडून किती, वरून किती अशी दर चौकटीला बदलत गेलो तर ब्राउझरला दरवेळी अख्ख्या वेबपानाची मांडणी नव्यानं मोजावी लागते, आणि सेकंदाला 60 चौकटी हव्या असतील तर एका चौकटीला मिळतात 16.7 मिलिसेकंद. पण तेच गळणं ट्रान्सफॉर्मनं सांगितलं, सरकव आणि फिरव म्हणून, तर ब्राउझर त्या चित्राचा वेगळा थर करतो आणि तो हलवण्याचं काम दुसऱ्या धाग्यावर, म्हणजे कामांच्या वेगळ्या रांगेवर, ग्राफिक्सच्या चिपकडे सोपवतो. मुख्य धागा एखाद्या जड हिशेबात अडकला असला तरी झाडाचं पान संथपणे खाली येत राहतं. फ्लॅशमध्ये साध्या पावसानंसुद्धा लॅपटॉपचे पंखे घरघरायला लागत.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. काही माणसांना पडद्यावरच्या मोठ्या हालचालीनं खरोखर गरगरतं, मळमळतं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा तो आजार असतो. अशा माणसानं आपल्या फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ हे एकदा निवडलं की आता वेबपानाला ते कळतं, आणि मी त्याच्यासाठी ढग सरकवण्याऐवजी हळूच उमटवू शकतो. सफारीत ही सोय 2017 मध्ये आली, मग इतरांनी घेतली. फ्लॅशच्या चौकोनाला वाचकाची अशी इच्छा विचारण्याची काही वाटच नव्हती. बघणाऱ्यानं काय सोसायचं हे बनवणारा ठरवायचा. मुलांसाठी काम करणाऱ्या माणसाला हा फरक किती मोठा वाटतो हे शब्दांत सांगणं अवघड आहे. एकाही मुलाला माझं पाण्याचं चक्र बघून उलटी होऊ नये, एवढं मला हवं आहे, आणि आता ते माझ्या हातात आहे.

मग टेबलाचं काय बिघडलं?

जुन्या फाइली नव्या रूपात आणताना ते नेमकं दिसतं. बियाचं चित्र मी फ्लॅशमधून एसव्हीजीत काढलं तेव्हा टरफल आणि गर यांच्या मधोमध केसाएवढी पांढरी रेघ आली. चित्रात ती कुठेच नव्हती. कारण शोधायला मला फाइलीच्या आत शिरावं लागलं. फ्लॅशच्या फाइलीत दोन रंगांमधली कड एकदाच नोंदलेली असते: ही रेषा, तिच्या एका बाजूला हा रंग, दुसऱ्या बाजूला तो. एसव्हीजीत प्रत्येक आकार स्वतःपुरता बंदिस्त असतो, त्यामुळे तीच कड दोनदा येते, एकदा टरफलाची म्हणून आणि एकदा गराची म्हणून. आता ती कड एखाद्या पिक्सेलच्या बरोबर मधून गेली तर? टरफल त्या पिक्सेलचा निम्मा भाग झाकतं, मागचा निम्मा कागद उघडा राहतो. मग गर येतो आणि तोही निम्म्या ताकदीनं रंगवतो, पण उरलेल्या निम्म्याचाच निम्मा भाग झाकला जातो. पाव हिस्सा कागद दिसतच राहतो. तीच ती रेघ. उपाय जुना, छापखान्यातल्या लोकांना पाठ असलेला: खालचा आकार थोडा वाढवून वरच्याच्या खाली सरकवायचा. एका चित्राला ठीक आहे. शेकडो आकारांच्या चित्रांना हे हातानं करायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

आकार बदलण्याचंही तसंच. बियातून अंकुर फुटताना फ्लॅशला फक्त पहिला आणि शेवटचा आकार द्यायचा, फार तर एखाद्या कोपऱ्यावर खूण करायची की हा कोपरा तिकडे जाईल. मानकात दोन्ही आकारांच्या बिंदूंची संख्या आणि रेषांचा प्रकार तंतोतंत जुळला तरच मधले टप्पे मिळतात. नाहीतर चित्र एकदम टुणकन उडी मारतं. बिंदू मोजून जुळवायचे, हे चित्रकाराचं काम नव्हे.

आणि चाक, गाडी, रस्ता? वेब ॲनिमेशन्सच्या दुसऱ्या पातळीच्या मसुद्यात गट आणि क्रम यांची कल्पना आहे, म्हणजे ॲनिमेशनच्या आत ॲनिमेशन. मसुद्यात आहे, ब्राउझरात नाही. तोवर ती उणीव लायब्ररींनी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचांनी, भरून काढली. सर्वांत लोकप्रिय लायब्ररींपैकी एक, ग्रीनसॉक, मुळात फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्टसाठीच लिहिली गेली होती आणि नंतर जावास्क्रिप्टमध्ये आली. म्हणजे फ्लॅशमधल्या कारागिरांनी आपली हत्यारं स्वतःच उचलून नव्या घरात आणली. मला याचा फार आदर वाटतो. तसंच लॉटीचं. आफ्टर इफेक्ट्स या ॲडोबीच्याच ॲनिमेशनच्या प्रोग्राममध्ये केलेलं काम जेसन या साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढायचं आणि पानावर चालवायचं, ही सोय एअरबीएनबीनं 2017 मध्ये खुली केली. आज ॲपमध्ये जे इवलेसे हलणारे टिकमार्क आणि कंदील दिसतात त्यातले पुष्कळ लॉटीचे असतात. पण लॉटीच्या फाइलीला चालवायला लॉटीचा प्लेअर लागतो. फरक इतकाच, आणि तो फरक साधा नाही, की हा प्लेअर पानाबरोबर येतो, ब्राउझरच्या कुंपणात राहतो आणि वाचकाला काही बसवावं लागत नाही.

हाच धागा ओढत नेला की रफलपाशी पोचतो. रफल हा रस्ट भाषेत लिहिलेला फ्लॅशचा प्लेअर आहे, वेबअसेंब्लीच्या, म्हणजे इतर भाषांतले प्रोग्राम ब्राउझरमध्ये वेगानं चालवायच्या मानकाच्या, जोरावर तो कुठल्याही आधुनिक ब्राउझरमध्ये चालतो. नोव्हेंबर 2020 मध्ये इंटरनेट आर्काइव्हनं त्याच्या मदतीनं जुन्या फ्लॅश फाइली जिवंत करायला सुरुवात केली. याआधी गूगलनं स्विफी काढून पाहिलं, मोझिलानं शमवे लिहून पाहिलं, दोन्ही मागे पडले. रफल टिकला, कारण तोवर वेबअसेंब्ली हे पक्कं मानक झालं होतं, आणि ॲडोबीनं 2008 मध्ये फ्लॅशच्या फाइलीच्या रचनेवरची बंधनं उठवलेली असल्यामुळे नवा प्लेअर लिहायला कायद्याची आडकाठी नव्हती. मानकं प्लगइनची जागा घेऊ शकतील का या प्रश्नाचं यापेक्षा ठोस उत्तर मला दुसरं माहीत नाही: अख्खा प्लगइनच मानकाच्या पोटात बसला. माझं जुनं हृदय मी रफलमध्ये उघडलं आणि ते धडधडलं. झडपा वेळेवर उघडल्या, थेंब वेळेवर सरकले. मला भरून आलं.

पण रफल दाखवतो. घडवू देत नाही. मूळ कामाची फाइल हरवली असेल तर त्यातला एक थेंबही हलवता येत नाही.

टेबल ब्राउझरमध्ये बनवता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. मुलांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. त्याची दुसरी आवृत्ती 2013 मध्ये फ्लॅशमध्ये लिहिलेली होती, तिसरी जानेवारी 2019 मध्ये मानकांवर आली, आणि जगभरची मुलं तिच्यात बसून मांजर पळवतात. फेट या प्रकल्पानं आपले विज्ञानाचे प्रयोग जावा आणि फ्लॅशमधून एकेक करत एचटीएमएल5 मध्ये नेले. दोन्हीमागे विद्यापीठं होती, पैसा होता, आणि काम वर्षानुवर्षं चालू ठेवणारी माणसं होती. एकट्या चित्रकाराच्या मागे यातलं काही नसतं. त्याला फक्त पांढरा स्टेज आणि एफ6 हवा असतो.

मानकांमध्ये अलीकडे जे येतंय ते बघून मला आनंद होतो आणि थोडी काळजीही वाटते. 2023 मध्ये क्रोममध्ये पान बदलताना मधला प्रवास दाखवायची सोय आली, स्क्रोलबरोबर चालणारं ॲनिमेशन आलं. दोन्ही सुरेख आहेत. पण दोन्ही पानांसाठी आहेत, गोष्टींसाठी नाहीत. दुकानाचं पान, बातमीचं पान, ॲपचं पान यांच्या गरजा मानकं ठरवणाऱ्या समितीपर्यंत पोचतात, कारण ती पानं बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं समितीत बसतात. कार्टून काढणारा तिथे नसतो. मानकांची चर्चा उघड्यावर चालते, कुणालाही आपली अडचण उदाहरणासकट तिथे लिहिता येते. 2015 मध्ये क्रोम स्मिल काढून टाकायला निघालं होतं. लोकांनी आपण ते कशाकशासाठी वापरतो हे पुढे येऊन सांगितलं आणि पुढच्या वर्षी तो बेत बाजूला ठेवला गेला. म्हणून चित्रकारांनी तिथे जावं, बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

माझी पहिली मागणी आवाजाची आहे. फ्लॅशमध्ये ध्वनीला ‘स्ट्रीम’ असं सांगितलं की चित्र आवाजाच्या मागे चालायचं. संगणक दमला तर मधल्या चौकटी गाळल्या जात, पण ओठ आणि शब्द यांची ताटातूट होत नसे. टाइमलाइनवर आवाजाची लाट दिसायची, तिच्या उंचवट्याखाली ‘आ’चं तोंड ठेवायचं, बोटानं मागेपुढे ओढून ऐकायचं. आज ब्राउझरमध्ये आवाजाचं घड्याळ वेगळं आहे आणि ॲनिमेशनचं वेगळं. दोन मिनिटांच्या गोष्टीत ती एकमेकांपासून हळूहळू सुटत जातात आणि शेवटी बेडूक तोंड मिटल्यावर बोलतो. ॲनिमेशनला घड्याळ म्हणून ऑडिओच नेमून देता यावा, जसं आता स्क्रोलला नेमून देता येतं, एवढंच मला हवंय. तोवर दर चौकटीला ऑडिओकडून वेळ विचारून ती चित्राला पोचवणारा कोड मी प्रत्येक गोष्टीसाठी स्वतः लिहितो. सध्या बेडकाच्या गोष्टीत तोच बसवतोय.